फुकाचा पाव

रोज्याच्या घरात दुपारी चारच्या सुमाराला एक अडचण हमखास येते. कालवण शिजत असतं, वास घरभर सुटलेला असतो आणि मीठ बरोबर पडलंय की नाही, हे सांगणारं कोणी नसतं. जिभेच्या टोकावर थेंबभर घेऊन लगेच थुंकून टाकलं तर रोजा तुटत नाही, असं उलेमा सांगतात. पण गरज नसताना तसं करणं मकरूह. त्यामुळे बहुतेक बायका अंदाजानेच मीठ घालतात आणि इफ्तारला कोणी तोंड वाकडं केलं, तर 'रोज्यात हात चुकतोच' म्हणून मोकळ्या होतात. आमच्या घरात गेली दोन वर्षं ही अडचण नाही. आमच्याकडे चाखणारी आहे. अम्मी.

ती हे काम खुशीने करत होती, असं मात्र नाही. अम्मीला दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रोजे ठेवायला साफ मनाई केली. आजारी माणसाला सवलत आहे, ती अल्लाहनेच दिलेली आहे, हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत. तरी सात-आठ वर्षांची असल्यापासून जिने एक रोजा सोडला नाही, तिला बाराच्या ठोक्याला ताट घेऊन बसणं जमेना. ती स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन, पाठ फिरवून, चहात बुडवलेला टोस्ट चोरासारखा खायची. नातवंडांपैकी कोणी आलं की कप पदराखाली. धाकट्या नातवाने पहिला रोजा ठेवला, त्या दिवशी तर तिने दुपारपर्यंत काही खाल्लंच नाही. मग साखर उतरली, घाम फुटला आणि आम्ही सगळे घाबरलो.

फिदया आम्ही देतो. कोकणातल्या बहुतेक मुसलमानांसारखे आम्ही शाफई. आमच्यात सुटलेल्या एकेका रोज्यामागे एक मुद धान्य गरिबाला द्यायचं. ते साधारण पाऊण किलो धरतात आणि आमच्याकडे धान्य म्हणजे तांदूळ. महिन्याचे तांदूळ मोजून, पिशवीत भरून, भाईजान ते कल्याणला पोचते करतात. हिशोब पुरा होतो. पण तांदूळ मोजून झाले की अम्मी मोकळीच. सहरीला उठते, आमच्यासोबत बसते, नमाज पढते, आणि मग संध्याकाळपर्यंत तिला घरात काम नसतं. भाभी तिला काही करू देत नाही. ते प्रेमापोटीच, पण रमजानात काम नसलेली बाई म्हणजे लग्नघरात न बोलावलेला पाहुणा.

यात इटलीचा पाव कुठून आला, ते सांगते.

आमचं घर वैशाखऱ्याला. मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालात की टोकावड्याच्या पुढे हे गाव लागतं. हमरस्त्याला अब्बांनी घातलेली पिठाची गिरणी आहे, ती आता भाईजान चालवतात. आमच्या आळीत रोजेदार घर एकच, ते आमचं. इथे अजान ऐकू येत नाही. इफ्तारची वेळ मशिदीने छापलेल्या टाइमटेबलवरून पाहायची. त्यातही मुंबईचं टाइमटेबल इथे जसंच्या तसं चालत नाही. आम्ही मुंबईच्या पूर्वेला असल्यामुळे आमचा सूर्य दोन-तीन मिनिटं आधी उगवतो आणि आधी मावळतो. इफ्तारला दोन मिनिटं उशीर झाला तर बिघडत नाही. सहरी मात्र दोन-तीन मिनिटं आधीच आवरावी लागते. मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या गल्लीत रमजानात जे मिळतं, त्यातलं इथे काही मिळत नाही. अब्बा होते तोवर ते कल्याणहून एस.टी.ने बेकरीचे नान आणायचे. साठएक किलोमीटरचा प्रवास करून ते संध्याकाळी पोचेपर्यंत पुठ्ठ्यासारखे व्हायचे. तेच आम्ही वाफेवर मऊ करून खायचो, आणि आवडीने खायचो.

धाकटा भाऊ बोटीवर आहे, प्रवासी बोटीच्या भटारखान्यात. कोकणी मुसलमानांच्या घरांत बोटीवरचा माणूस ही काही नवलाई नाही; आमच्या आजोबांचे भाऊही खलाशीच होते. या भावाची बोट जिनोव्हा बंदरात लागते, इटलीच्या उत्तरेला. तिथे सकाळी लोक हातात कागदात गुंडाळलेला चौकोनी, तेलाने माखलेला, बोटांनी खड्डे पाडलेला पाव घेऊन कामाला जाताना त्याने पाहिले. काही जण तो चक्क कॉफीत बुडवून खातात म्हणे. मी ऐकून शहारले, पण आमच्या अम्मीचा चहा-टोस्ट दुसरं काय आहे? या पावाला म्हणतात फोकाच्चा. मुंबईत काही बेकऱ्यांच्या पाटीवर 'फोकाशिया' असंही वाचलंय. भावाने बोटीवर तो करायला शिकून घेतला आणि गेल्या रमजानात व्हिडिओ कॉलवरून मला शिकवायला बसला. 'आपा, हे पीठ हाताला चिकटलंच पाहिजे, सुकं पीठ लावू नकोस,' हे त्याचं पहिलं वाक्य, आणि मी पहिल्याच खेपेला सुकं पीठ लावलं.

इटलीत भाकरी-पावाचे प्रकार गावागणिक बदलतात, आपल्याकडे बदलतात तसेच. जिनोव्हाचा फोकाच्चा बोटभर उंचीचा, वर नुसतं तेल आणि मीठ. त्याच किनाऱ्यावर रेक्को नावाचं गाव आहे. तिथला फोकाच्चा कागदासारखा पातळ, खमिराशिवायचा, दोन थरांमध्ये मऊ चीज. त्याला आपल्या वाडा कोलमसारखं भौगोलिक मानांकन आहे. दक्षिणेला बारीकडचा टोमॅटो आणि ऑलिव्ह घातलेला. रोमान्या भागात पियादिना म्हणून तव्यावरची चपटी रोटी असते. ती पाहून मला वाटलं, हे तर आपलंच, हे सोपं पडेल. भावाने लगेच अडवलं. पियादिनात परंपरेने डुकराची चरबी घालतात. तयार पाकीट हाती आलं तर त्यावर 'स्ट्रुट्टो' हा शब्द शोधायचा. दिसला तर पाकीट खाली ठेवायचं. इटलीत तिखटाचे शौकीन म्हणजे कालाब्रियाचे लोक, पण त्यांचा पावाला फासायचा प्रसिद्ध तिखट प्रकार, न्दूया, तोही डुकराचाच. थोडक्यात, तिखट हवं असेल तर ते आपल्या पाट्याचं किंवा खलबत्त्याचंच घालावं लागणार. जिनोव्हाच्या साध्या फोकाच्चात मात्र पीठ, पाणी, मीठ, खमीर आणि ऑलिव्हचं तेल एवढंच. विचारायला जागाच नाही. खमीर तर शब्दही आपलाच, अरबीतून आलेला.

आणि हे ऑलिव्ह म्हणजे जैतून. कुराणातल्या 'अत्-तीन' या सुऱ्याच्या सुरुवातीला अंजीर आणि जैतूनची शपथ आहे. अम्मीने बाटली हातात घेऊन विचारलं, 'हेच का ते जैतून?' मग झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, 'वास काही खास नाही.'

माझ्या भावाला वाटतं की त्याने काहीतरी नवीनच आणलं. मला तसं वाटत नाही. आमच्या अंगणातून पूर्वेला पाहिलं की नानाचा अंगठा दिसतो, तो सुळका. त्याच्या बगलेतून नाणेघाट वर चढतो, आणि त्याच्या पायथ्याचं गाव म्हणजे आमचं वैशाखरे. पावसाळ्यात ट्रेकिंगवाली पोरं गिरणीशी थांबून वाट विचारतात, तेवढाच आता या घाटाचा राबता. पण दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात उतरलेला माल याच घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. वर खिंडीच्या तोंडाशी जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून आहे. गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञांत दिलेल्या दानांचा मोठा हिशोब. त्यातले आकडे भारतातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांमध्ये गणले जातात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याणचं नाव आहे, पैठणचंही आहे, आणि भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीची दारू नोंदलेली आहे. नेवाशाच्या उत्खननात रोमी कुंभांचे तुकडे सापडले. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. म्हणजे इटलीकडचा माल आणि तिकडची माणसं आमच्या दारावरून गेली असणार. दारू आली, पाव राहिला. तो आता भावाने आणला, एवढंच. (भाईजानना हे सांगितलं तर ते म्हणाले, 'जकात भरलीस का?')

दुसरी एक गोष्ट मला नंतर कळली आणि फार आवडली. तुर्कस्तानात खास रमजानचा एक पाव असतो, रमजान पिदे. गोल, चपटा, त्यावरही बोटांनी दाबून नक्षी काढतात, वरून तीळ आणि कलौंजी भुरभुरतात, आणि इफ्तारच्या आधी तो गरमागरम मिळावा म्हणून लोक भट्टीपुढे रांगा लावतात. बोटांनी दाबलेला पाव रोजेदाराला परका नाही तर. तेव्हापासून मी माझ्या फोकाच्चावर कलौंजी टाकते. जिनोव्हाच्या लोकांनी पाहिलं तर नाक मुरडतील, पण त्यांना कोण बोलावतंय?

आता कृती. अर्धा किलो पिठात मी साडेचारशे ग्रॅम मैदा आणि पन्नास ग्रॅम नागलीचं पीठ घेते. नागली आमच्या गिरणीची, आणि ती अम्मीसाठी. तिला नुसता मैदा सोसत नाही. यापेक्षा जास्त नागली घातली की पाव फुगत नाही, कारण नागलीच्या पिठाला चिवटपणा नसतो. यीस्टचे बारीक दाणे मिळतात, ते अर्धा छोटा चमचा. पुस्तकांत आणि व्हिडिओंत याच्या दुप्पट सांगतात, ते थंड मुलखांसाठी. मार्चमध्ये आमच्या पत्र्याखाली दुपारी भट्टीच असते. दुसऱ्या खेपेला मी एक चमचा घातलं आणि असरची नमाज पढून येते तो पीठ परातीबाहेर सांडलेलं, आंबट झालेलं. त्याचे कांदा घालून धिरडे केले. मीठ दोन छोटे चमचे. पाणी तीनशे ऐंशी मिलिलिटर, माठातलं. दोन चमचे तेल. हे सगळं कालवलं की पीठ मळल्यासारखं वाटतच नाही, भज्यांच्या पिठाहून थोडं घट्ट इतकंच. हात आवरायचा. वरून सुकं पीठ अजिबात नाही. जोहरनंतर दीड वाजता कालवायचं, मग दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने चारही बाजूंनी उचलून आत दुमडायचं, तीन वेळा. मळणं म्हणतात ते एवढंच. तिसऱ्या दुमडीला पीठ आपोआप गुळगुळीत झालेलं असतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जादूच वाटली.

चार वाजता ट्रेमध्ये दोन मोठे चमचे तेल ओतून त्यावर पीठ सोडायचं. ट्रे साधारण फूटभर लांब, पाऊण फूट रुंद. पीठ ताणायचं नाही; ते आपलं आपण पसरतं, थोडी मदत करायची. पाच वाजता ओव्हन लावायचा, दोनशे वीस अंशांवर, आणि पाव भाजायला टाकण्याआधी बोटं तेलात बुडवून पिठात थेट तळापर्यंत रोवायची. खड्डे पडतात. मग जिनोव्हाची खरी खूण: अर्धी वाटी पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ, दोन चमचे तेल एकत्र घुसळून त्या खड्ड्यांत ओतायचं. पावावर तळी साचतात. बिघडलं, असं वाटतं. बिघडत नाही. ते पाणी भाजताना आटतं, खड्डे मऊ राहतात आणि कडा कुरकुरीत होतात.

आणि ठेचा. दहा-बारा हिरव्या मिरच्या, तितक्याच लसणाच्या पाकळ्या, थोडं जिरं, तव्यावर तेलात डाग पडेपर्यंत परतायच्या आणि खलबत्त्यात कुटायच्या. मिक्सरमध्ये नको, चटणी होते. त्यात तीन मोठे चमचे तेल. निम्मा ठेचा भाजण्याआधी खड्ड्यांत दाबायचा, निम्मा पाव बाहेर आल्यावर वरून लावायचा. सगळा आधीच वर पसरला तर लसूण करपून कडू होतो. कच्चा लसूण पिठात मळायचा मोह आवरा, त्याने पीठ नीट फुगत नाही. वीस ते पंचवीस मिनिटांत पाव सोनेरी होतो. ताबडतोब ट्रेमधून काढून जाळीवर ठेवायचा, नाहीतर खालून ओला पडतो. पावणेसातला इफ्तार, तोवर तो कापण्याजोगा निवतो.

तेलाबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत. भाऊ म्हणतो, ऑलिव्हशिवाय फोकाच्चा नाही. ते तेल शेंगतेलाच्या कितीतरी पट महाग, आणि खरं सांगायचं तर ठेच्यापुढे त्याची चव कळतही नाही. मी पिठात आणि ट्रेला घाण्याचं शेंगतेल वापरते आणि शेवटी वरून चमचाभर ऑलिव्ह. एकदा खुरासणीचं तेलही घालून पाहिलं, आमच्या डोंगरउतारावर खुरासणी होते म्हणून. रंग काळपट आला, चव किंचित कडसर. मला आवडला, पोरांनी ताट सरकवलं.

पण खरी गोम मिठात आहे. या पावात मीठ तीन ठिकाणी पडतं: पिठात, खड्ड्यांतल्या पाण्यात आणि ठेच्यात. एकात चुकलं तर दुसऱ्यात सावरता येतं, पण चुकलंय हे कळायला हवं. आणि मिरची तर अशी, की एकाच वाट्यातली एक गोडी निघते आणि दुसरी डोळ्यांतून पाणी काढते. अंदाजाने होणारं हे काम नाही. गेल्या रमजानात पहिले दोन पाव मी अंदाजाने केले. एक अळणी, एक असा खारट-तिखट की भाईजान पाण्याचा तांब्या तोंडाला लावून बसले आणि तरावीहला पोट धरून उभे राहिले. तेरा तासांच्या रिकाम्या पोटी मिरची ही मस्करी नाही. आता आमचा नियमच आहे: आधी खजूर, पाणी, मग मगरिबची नमाज, थोडं फळ किंवा पेज पोटात, आणि मगच ठेच्याचा पाव.

तिसऱ्या दिवशी मी ठेच्याचा खलबत्ता उचलून अम्मीपुढे ठेवला. म्हटलं, 'अम्मी, बघ तरी.' ती दाराआडच होती, चहाचा कप हातात. आधी इकडेतिकडे पाहिलं. मग बोट बुडवून जिभेला लावलं. जरा थांबली. 'मीठ कमी आहे. आणि मिरच्या शेवटच्या तोडीच्या आहेत, दोन कमी घाल.' मी खड्ड्यांतलं पाणी दाखवलं. 'यात मीठ बरोबर आहे, पण ठेच्यात वाढवलंस तर इथलं काढ.' मग कच्च्या पिठाची चिमूट तोंडात टाकली. आयुष्यभर गिरणीत पीठ चिमटीत धरून चाखत आलेली बाई ती. 'नागली जुनी वापरलीस.' खरंच जुनी होती.

दुसऱ्या दिवशी ती दीड वाजता आपणहून परातीशी येऊन बसली. जेवूनच आली होती. ताट दाराआड नव्हतं, ओट्यावर होतं.

यंदा पहिल्या रोज्यापासून हे खातं तिचंच आहे. पीठ मी कालवते, पण दुमड घालायची वेळ ती सांगते, घड्याळ न बघता. तिच्या 'बेताच्या तिखटा'वर मात्र विश्वास ठेवायचा नाही, हे आम्ही शिकलोय; तिचं बेताचं म्हणजे आमचं जहाल. म्हणून ती 'बरोबर आहे' म्हणाली की मी गुपचूप एक मिरची काढून घेते. तिला कळतं. बोलत नाही.

पोरांनी पहिल्याच दिवशी फोकाच्चाचं 'फुकाचा' करून टाकलं. शेजारच्या आजीने ते ऐकलं आणि तिला हसू आवरेना. ही आजी कातकरी आहे, आमच्या कुंपणापलीकडे तिचं कारवीच्या कुडाचं घर. मुलगा, सून, नातवंडं दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातात ते पाऊस तोंडावर आल्यावरच येतात. तोवर आजी, दोन शेळ्या आणि कोंबड्या. नागली दळायला गिरणीत येते. तिने पावाकडे बोट दाखवून विचारलं, 'केवढ्याला?' धाकटा म्हणाला, 'फुकाचा!' तेव्हापासून ट्रेचा एक कोपरा तिचा. अम्मी स्वतः कापून, पळसाच्या पानावर ठेवून, कुंपणावरून देते. 'बाय, जपून, तिखट आहे,' म्हणते. आजी म्हणते, 'कुठं?'

अकराव्या रोज्याला साडेपाचला वीज गेली. ओव्हन तापला होता, पाव नुकताच आत टाकलेला. पाच मिनिटं, दहा मिनिटं वाट पाहिली. काचेतून दिसत होतं, पाव ना कच्चा ना भाजलेला, घाम फुटल्यासारखा. भाभी म्हणाली, राहू दे, खजूर आहेत, भजी तळू. अम्मीने ट्रे उचलला आणि चप्पल न घालता कुंपणाकडे निघाली.

आजीची चूल पेटलेलीच होती. तिने ट्रे पाहिला आणि मान हलवली. पत्र्याचा ट्रे चुलीवर ठेवला तर तळ कोळसा होणार. तिने आतून जाड बुडाचा टोप आणला, त्याला अम्मीने तेल पुसलं, पाव दुमडून-चेपून त्यात बसवला. जाळ ओढून निखारे पुढे घेतले, टोप त्यांवर, वर झाकण, झाकणावर पुन्हा निखारे. कोकणात काकडीचं धोंडस असंच भाजतात. माझी नानी करायची. आजीही पानगी अशीच निखाऱ्यांत भाजत असणार, तिला काही सांगावं लागलं नाही. मी मधे मधे झाकण उघडायला जात होते, तर दोघींनी माझा हात झटकला.

फोकाच्चा हे नाव लॅटिनमधल्या 'फोकुस'वरून आलंय, आणि फोकुस म्हणजे चूल, घरातली आगटी. रोमी लोक हा पाव चुलीच्या तापल्या जागेवर, राखेत-निखाऱ्यांत भाजायचे. ओव्हन नंतरचा. हे मला भावाने आधीच सांगितलं होतं, पण त्या संध्याकाळपर्यंत मी ते नुसतं ऐकलं होतं.

सव्वासहाला आजीने काठीने झाकण दूर केलं. पाव खालून काळा, वरून पांढुरका, मधे उंच आलेला. धुराचा वास लसणात मिसळलेला. देखणा म्हणावा असा मुळीच नव्हता. अम्मीने त्याचा एक तुकडा तोडला, तो अर्धा केला, अर्धा आजीच्या हातावर ठेवला. मग दोघी चुलीपुढे उकिडव्या बसून खायला लागल्या. मी, भाभी आणि पोरं कुंपणाशी उभे. इफ्तारला अजून अर्धा तास होता. अम्मीने आमच्याकडे पाहिलं, चावणं काही थांबवलं नाही.

'मीठ?' मी विचारलं.

'बाय सांगेल,' अम्मी म्हणाली.

आजीने बोटं चाटली. 'थोरं जास्त झालंय.'

'झालंय,' अम्मी म्हणाली. 'ते खड्ड्यांतलं पाणी वर आटलं नाही, सगळं पिठातच मुरलं.'

इफ्तारला आम्ही तो पाव खाल्ला. मीठ जास्तच होतं. टोपाच्या तळाला चिकटलेला जळका पापुद्रा पोरांनी खरवडून खाल्ला, आणि तेव्हापासून वीज असली तरी ती विचारतात, आज चुलीवर का नाही? आठवड्यातून एकदा आम्ही आता मुद्दाम चुलीवर करतो. खड्ड्यांत नुसतं तेल, मिठाचं पाणी नाही. ही सुधारणा दोघी म्हाताऱ्यांनी आपापसात ठरवून केली, मला नंतर कळवली.

मार्चच्या मध्यावर दिवस-रात्र सारखे होत आले की जिनोव्हाचा रोजा आणि वैशाखऱ्याचा रोजा जवळपास सारख्याच लांबीचा होतो. बोटीवर भाऊही रोजे ठेवतो, दिवसभर दुसऱ्यांसाठी रांधत. आमचे साडेचार वाजले की तिकडे दुपारचे बारा असतात. तेव्हा त्याला चार मिनिटं सवड मिळते आणि तो फोन करतो. परवा त्याने नेहमीसारखं विचारलं, 'आपा, आजचा कसा झालाय?' मी म्हटलं, 'मला काय विचारतोस, माझा रोजा आहे.' फोन अम्मीकडे दिला. तिने पडद्यावर ट्रे दाखवला, मग ठेचा दाखवला, मग त्याला विचारलं, तुझ्या भटारखान्यात चाखतं कोण? तो म्हणाला, एक फिलिपिनो पोरगा आहे, तो चाखतो.

'त्याला मिठातलं कळतं का?' अम्मीने विचारलं, आणि फोन कानाला लावून ओट्याकडे वळली.